उलटी छापलेली दुपार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार स्वतःच्याच स्टुडिओवरच्या दोन खोल्यांत, हे माझे अखेरचे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा आमच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी बायको असा दाखला कधी देती ना, पण ती आता विचारायला नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. भाचीने प्रयत्न केला होता, तो पुढे येईल. सहा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे भाचीला दिले होते आणि खरे एकही वाक्य लिहिले नव्हते.

वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात कारणे लिहायची नसतात, कोणाला काय एवढेच लिहायचे. मी त्यांना सांगितले, कारणे लिहायची नसतील तर मला मृत्युपत्रच करायचे नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, लिहा.

एक. माझी मिळकत अशी. तळमजल्यावरचा स्टुडिओ आणि वरच्या दोन खोल्या, माझ्या कमाईच्या, वडिलोपार्जित नाहीत. बँकेतली शिल्लक, जी माझ्या औषधांतून उरेल ती. कॅमेरे चार, त्यांतले दोन चालू. निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचा एन्लार्जर एक. डार्करूममधले लाल दिवे, ट्रे, चिमटे वगैरे. आणि लोखंडी कपाटात, पाकिटांवर तारखा घालून ठेवलेल्या बेचाळीस हजारांच्या आसपास निगेटिव्ह. त्यांतल्या निम्म्या पासपोर्टच्या, लग्नाच्या आणि शाळेच्या वर्गांच्या आहेत. ती माणसे आपल्या पायांनी आली, केस विंचरून बसली आणि 'जरा गोरं दिसू द्या' असे सांगून गेली. उरलेल्या निम्म्या रस्त्यावरच्या. त्या माणसांना आपला फोटो निघाला हे माहीतसुद्धा नाही. त्या माझ्या मिळकतीत धराव्यात की चोरीच्या मालात, हे मला आजवर ठरवता आलेले नाही, आणि वकीलबाईंच्या पुस्तकातही सापडले नाही.

दोन. धाकट्या भावाने माझी कॅमेरा ठेवायची तिकाटणी 'चार दिवसांसाठी' नेली, त्याला एकोणीस वर्षे झाली. ती त्याला दिली असे समजावे. ती परत आणायला कोणी जाऊ नये, म्हणजे त्याला आपण उदार आहोत असे दाखवायची संधी मिळणार नाही. त्याला दुसरे काही नाही.

तीन. लहान काळा कॅमेरा भाचीला. तो कसा वापरला ते तिला माहीत असावे म्हणून लिहितो. कॅमेरा छातीशी धरायचा आणि बघायचे दुसरीकडेच. डावा हात मनगटावरचे घड्याळ बघितल्यासारखा वर न्यायचा, उजव्या हाताने बटण दाबायचे आणि आवाज झाकायला खोकायचे. डॉक्टर वीस वर्षे मला त्या खोकल्याचे औषध देत होते. मी ते मुकाट्याने पीत होतो, कारण खरे सांगायची लाज वाटायची.

ही कला मला येते याचा मला फार अभिमान होता. माणूस सावध झाला की चेहऱ्यावर पडदा पडतो, आणि मला पडद्यामागचे हवे असायचे. एकदा बाजारात एका भाजीवाल्या म्हातारीच्या ध्यानात आले. तिने माझी बाही धरली.

"काय घेतलंस माझं?" तिने विचारले.

"काही नाही, आजी."

"काही नाही घेतलंस, तर मग पळतोस कशाला?"

मी ही गोष्ट तीस वर्षे मित्रांना गंमत म्हणून सांगितली. सगळे हसायचे. म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर दिले नव्हते हे कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही.

चार. कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, बिस्किटांच्या डब्यात, एक रोल आहे. तो धुतलेला नाही. बायको दवाखान्यात होती तेव्हाचे शेवटचे अकरा दिवस त्यात आहेत. तिला फोटो आवडत नसे. 'तुम्हाला जगात बघायला बाकीचे लोक आहेत, मला सोडा' असे ती म्हणायची, आणि धडधाकट होती तोवर मी ते पाळले. ती झोपेत असताना, नळ्या लावलेल्या असताना, नाही म्हणायची ताकद नसताना मी छत्तीस वेळा बटण दाबले. का, ते विचारू नका. हात थांबत नव्हता. तेव्हा खोकायचीही गरज नव्हती.

हा रोल कोणीही धुऊ नये. भाचीने तो गच्चीवर न्यावा आणि भर उन्हात त्याच्या डबीतून ओढून पूर्ण उघडावा. पाच मिनिटे धरला की त्यात काही उरणार नाही. हे मी स्वतः करायला तीनदा गच्चीवर गेलो आणि तीनदा तसाच खाली आलो.

पाच. आता भाचीविषयी. ती माझ्या बहिणीची एकुलती मुलगी, कॉलेजात शिकवते, हुशार आहे आणि वाद घालताना मामाचे वय बघत नाही. माझ्या रस्त्यावरच्या फोटोंचे पुस्तक काढायचे असे तिने ठरवले आहे. प्रकाशक तयार आहे. पुस्तकाची परवानगी या कागदात लिहून दे म्हणून ती बरेच दिवस गोड बोलून मागे लागली होती. मी म्हटले, अगं, यातल्या एकालाही मी विचारलेले नाही. ती म्हणाली, "मामा, विचारलं असतंस तर एकही फोटो झाला नसता. आणि पैसेवाल्यांचे फोटो ढिगानं आहेत. हमालाचा, झाडूवालीचा, फाटक्या चपलेचा फोटो तुझ्याशिवाय कोणी काढला? हे लोक होते, याला दुसरा पुरावा काय आहे?"

तिचे म्हणणे मला खोडून काढता आलेले नाही. नऊ वर्षांपूर्वी एक बाई स्टुडिओत आल्या होत्या. त्यांचा मुलगा पाण्याच्या टाकीत पडून गेला होता आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मी त्यांच्या वस्तीत कॅमेरा घेऊन फिरत असे हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते. आम्ही दोन दिवस पाकिटे शोधली. पाणपोईपाशी रांगेत सहावा, अर्धा चेहरा, कोणाच्या तरी कोपरामागे, तो सापडला. मी तो जितका मोठा होईल तितका मोठा करून दिला. चेहरा कण-कण फुटला होता. बाईंनी तो पदराखाली धरून नेला, उन्हात निघाल्या होत्या म्हणून. त्या दिवशी मला वाटले की माझे सगळे खोकणे वसूल झाले.

म्हणून मी निगेटिव्ह जाळा असे लिहीत नाही. लिहायला बसलो होतो, पण ती बाई आठवली आणि पेन थांबले. सर्व निगेटिव्ह भाचीला, पण अट अशी की पुस्तकाआधी एक वर्षभर स्टुडिओच्या काचेत दर आठवड्याला नवे फोटो लावावेत. ज्याला आपला चेहरा सापडेल त्याने यावे, फोटो आणि निगेटिव्ह दोन्ही न्यावे, आणि हवे तर दोन शिव्या द्याव्यात. भाचीने त्या ऐकून घ्याव्यात. जो येणार नाही त्याचे काय, हे मला सुटलेले नाही. ते मी तिच्या सदसद्विवेकावर सोडतो, कारण माझ्यावर सोडून काय झाले ते पुढच्या कलमात आहे.

सहा. हे कलम देण्याघेण्याचे नाही, कबुलीचे आहे. वकीलबाई म्हणाल्या, हे वेगळ्या कागदावर लिहा. मी म्हटले, वेगळ्या कागदावर लिहायचे म्हणूनच एकतीस वर्षे राहून गेले.

तेव्हा मी एका वर्तमानपत्राला रोज एक फोटो देत असे. एका सोमवारी चौकातल्या हौदाच्या पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. अंगात रेल्वेचा गणवेश, टोपी गुडघ्यावर, बाजूला रिकामा डबा. डोके मागे टेकलेले, डोळे मिटलेले, तोंडावर ऊन. इतका निवांत चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. त्याच्या मागे वर चौकातले घड्याळ. मी खोकलो, बटण दाबले आणि पुढे गेलो. 'दादा, एक फोटो काढू का' असे विचारले असते तर तो चेहरा राहिला नसता, हे खरे. पण दोन शब्द बोलणे झाले असते, मी कोण, तो कोण, कुठे निघाला, किती वाजले. मला त्या माणसाबद्दल काहीतरी माहीत झाले असते. मी फक्त त्याचा चेहरा घेतला.

संध्याकाळी संपादकांचा फोन आला. फोटो पाचव्या पानावर उजव्या कडेला बसणार होता. आमच्या धंद्यात असा नियम की कडेच्या फोटोतला माणूस पानाच्या आत बघणारा हवा. बाहेर बघणारा असला तर वाचणाऱ्याची नजर त्याच्याबरोबर पानाबाहेर जाते. माझ्या माणसाचे डोळे मिटलेले होते, पण तोंड बाहेरच्या बाजूला होते. अशा वेळी आम्ही निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये उलटी घालायचो, की डाव्याचे उजवे होते आणि काम भागते. दुकानाची पाटी असली तर ते जमत नाही, अक्षरे उलटी येतात. या फोटोत पाटी नव्हती. घड्याळ होते, पण त्याला आकडे नव्हते, नुसत्या रेघा. मी निगेटिव्ह उलटी घातली.

बायको तेव्हा माझ्याबरोबर डार्करूममध्ये असायची, प्रिंट धुवायची. ट्रेवर वाकून ती म्हणाली, "अहो, याचा खिसा उजवीकडे आलाय."

"असू दे," मी म्हणालो. "पानाला तसाच हवाय."

त्याच सोमवारी दुपारी बारा पन्नासला, गावाबाहेर, मालगाडीच्या फाटकावर एक सायकलवाला गाडीखाली गेला. मंगळवारच्या अंकात पहिल्या पानावर ती बातमी होती, आणि पाचव्या पानावर त्याच फाटकाचा फाटकवाला, डोळे मिटून ऊन खात बसलेला, खाली संपादकांनी घातलेली ओळ, 'भर दुपारचा निवांतपणा'. एकाच कचेरीतून दोन्ही पाने गेली, पण कोणाच्याच ध्यानात आले नाही. रेल्वेच्या साहेबांच्या आले. फोटोतल्या घड्याळात बारा चाळीस झाले होते. चौक ते फाटक चालत अर्धा तास. बारा चाळीसला जो चौकात बसला आहे तो बारा पन्नासला फाटकावर असणार नाही, हे लहान मूलही सांगेल.

फाटकवाल्याचे सांगणे वेगळे होते. तो म्हणत होता की मी चौकात डबा खाल्ला तो पाळीच्या आधी. बाराला पाच मिनिटे असताना फाटकावर पोचलो, बाराला वहीत सही केली, वेळेवर दांडा खाली घेतला. सायकलवाला दांड्याखालून वाकून आत घुसला. मी धावलो, त्याच्या कॉलरला माझा हात लागला, पण पकड बसली नाही. आजूबाजूला शेते, हे बघणारे दुसरे कोणी नव्हते. आधीच्या पाळीचा गडी म्हणाला, सही त्यानं केली खरी, पण नंतर परत गेला असेल तर मी काय बघायला थांबलो होतो?

चौथ्या दिवशी तो माझ्या स्टुडिओत आला. बसला नाही. टोपी हातात धरून म्हणाला, "साहेब, तो फोटो बारा वाजायच्या आधीचा आहे. तुम्ही एवढंच लिहून द्या."

वेळ मला आठवत नव्हती. मी प्रिंट काढली, घड्याळावर भिंग धरले, त्यालाही दाखवले आणि म्हणालो, "हे बघा, बारा चाळीस झालेत. माणूस विसरतो, फोटो खोटं बोलत नाही."

त्याने भिंगातून बराच वेळ पाहिले. "हो," तो म्हणाला. "दिसतंय खरं." आणि पायरी उतरून गेला.

बायको पडद्यामागे उभी होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "तो फोटो उलटा आहे. खिसा विसरलात?" मी कपाटातून निगेटिव्ह काढून खिडकीशी धरली. अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. तो एक अक्षरही खोटे बोलला नव्हता.

मी संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, चौकशी होऊ दे, मग बघू, आता बोललास तर तुझे आणि माझे दोघांचे काम जाईल. संपादक आता वारले आहेत आणि त्यांच्या नावावर ढकलणे फार सोपे आहे. पण स्टुडिओपासून रेल्वेच्या कचेरीपर्यंत पंधरा मिनिटांची वाट होती आणि पाय माझेच होते. शिवाय तोच फोटो त्या आठवड्यात प्रदर्शनासाठी निवडला गेला होता. रोज सकाळी मी ठरवायचो की आज जाऊ. अकराव्या दिवशी त्याला कामावरून काढल्याचे छापून आले. त्यानंतर जाऊन काय उपयोग, असे मी स्वतःला समजावले. फोटोला पहिले बक्षीस मिळाले. तो अजून खाली स्टुडिओच्या भिंतीवर आहे, उलटाच.

बायको त्या दिवसापासून डार्करूममध्ये आली नाही. बावीस वर्षे. घर सांभाळले, माझी दुखणी काढली, हसली-बोलली, पण एक प्रिंट धुतली नाही. एकदाच विचारले, 'गेला होतात का?' मी म्हटले, जाईन. तिने परत विचारले नाही.

गेल्या वर्षी भाचीने पुस्तकाच्या वेष्टनासाठी नेमका तोच फोटो निवडला. भिंतभर मोठा करून आणला. मला झोप लागेना, जेवण जाईना. शेवटी शोधत शोधत मी फाटकवाल्याचे घर काढले. तो मुलीकडे राहतो, लाकडाच्या वखारीमागे, एका खोलीत. वय अठ्ठ्याहत्तर. त्याने मला लगेच ओळखले आणि मुलीला चहा ठेवायला सांगितले. मी सांगायला म्हणून गेलो होतो. त्याआधी तोच बोलू लागला.

"तुमच्यावर राग नाही, साहेब. तुम्ही जे होतं ते काढलं. मलाच वाटत होतं की मी जागेवर होतो. अजून वाटतं. त्याची कॉलर अजून बोटांना लागते. पण फोटो मी माझ्या डोळ्यांनी बघितला ना. माणसाच्या मनाचा काय भरवसा, आपल्याला हवं ते आठवतं. त्या सायकलवाल्या पोराच्या आईकडे दोनदा जाऊन माफी मागून आलो. दुसऱ्यांदा तिनं दार उघडलं."

मी चहा प्यालो आणि परत आलो. काहीही सांगितले नाही. त्याच्याकडून मी नोकरी घेतली एवढेच मी इतकी वर्षे समजत होतो. त्याची स्वतःची आठवणही मी काढून घेतली होती, आणि तो मलाच चहा पाजत होता.

सात. म्हणून स्टुडिओ, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक मी त्या फाटकवाल्याला देतो. तो नसल्यास त्याच्या मुलीला. सोबत ती निगेटिव्ह आणि सहाव्या कलमाची नक्कल द्यावी. वकीलबाईंनी ती त्यांच्या हाती द्यावी, टपालाने पाठवू नये.

इथवर मी मागच्या रविवारी लिहून संपवले होते. पुढचे नंतर लिहिले आहे.

आठ. दाखला देण्याआधी डॉक्टरांनी सगळे कागद वाचले. खोकल्याचे वाचून माझ्याकडे एकदा बघितले. सहावे कलम वाचून झाल्यावर त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवले.

"फोटोवाले, हे त्यांना कळणार कधी?"

"मी गेल्यावर."

"आणि ते आधी गेले तर?"

मी म्हटले, मग त्यांच्या मुलीला कळेल. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तुम्ही आत्ताही खोकूनच पळताय." दाखला लिहून दिला, फी घेतली नाही, जाताना दार जरा जोरात लावले. माणूस फटकळ आहे. पण लागायचे तिथे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निगेटिव्ह खिशात घालून वखारीमागे गेलो. या वेळी चहा यायच्या आतच बोललो. उभ्यानेच बोललो, नाहीतर पुन्हा बसून राहिलो असतो. काय केले, कशासाठी केले, कधी कळले आणि किती वर्षे गप्प राहिलो, सगळे. त्याने हात पुढे केला. मी निगेटिव्ह दिली. त्याने ती दारातल्या उजेडात धरली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. नंतर दुसऱ्या हाताने स्वतःच्या शर्टाचा खिसा चाचपला.

"म्हणजे मी फाटकावर होतो," तो म्हणाला.

"होता."

"दांडा खाली होता."

"तुम्ही म्हणालात तसंच सगळं होतं."

त्याने निगेटिव्ह त्याच खिशात ठेवली. मग म्हणाला, "बायकोला जाऊन चार वर्षं झाली. ती म्हणायची, होतं कधी कधी असं, लागतो माणसाचा डोळा, जाऊ द्या. मला वाटायचं ती माझी समजूत घालतेय. ती तर धरूनच चालली होती की मी नव्हतो तिथं." त्याची मुलगी दारातून आत येत होती, ती तिथेच थांबली. "आता तिला कोण सांगणार? तुम्ही?"

मी घराबद्दल बोलायला लागलो, की स्टुडिओ आणि खोल्या तुमच्या नावावर करतो आहे. तो ओरडला नाही. म्हणाला, "उठा आता." मी उभाच होतो. मी निघालो. त्याची मुलगी कोपऱ्यापर्यंत माझ्या मागे आली, मला वाटले काही बोलेल, पण मी खरोखर जातो आहे ना हे बघून ती परत फिरली.

त्याच दुपारी मी रेल्वेच्या कचेरीत जाऊन लेखी जबाब दिला. खिडकीवरच्या माणसाला मी काय म्हणतो ते तीनदा समजावावे लागले. 'आता याचं काय करायचं, आजोबा?' त्याने विचारले. मी म्हटले, तारीख घालून शिक्का मारा. वर्तमानपत्राच्या कचेरीतही दुसरी प्रत दिली. तिसरी सायकलवाल्याच्या घरी घेऊन गेलो. आई राहिलेली नाही. भावाने दारात उभे राहून वाचली, घडी केली, खिशात ठेवली आणि कडी लावली. बाकी दोन्हीकडून अजून उत्तर नाही. त्या दोन्ही पोचपावत्या या कागदांना जोडल्या आहेत.

काल दुपारी जिन्यावर पावले वाजली. फाटकवाला वर आला होता, एकटा, प्रत्येक पायरीवर थांबत. वकीलबाई आणि भाची दोघी इथेच होत्या. त्याने खालच्या भिंतीवरचा फोटो पाहिला होता. भाचीने विचारले, काढून टाकू का? तो म्हणाला, "काढू नका. सुलटा करून लावा. घड्याळ दिसेल असा." भाचीने त्याला विचारले, पुस्तकात घेतला तर चालेल का. तो म्हणाला, विचार करून सांगतो. आमच्या या साऱ्या धंद्यात तो प्रश्न त्याला पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता.

मग तो माझ्यासमोर बसला. म्हणाला की मला तुमचं घर नको. मी म्हटले, हे उपकार नाहीत, तुमचा हक्क आहे. मुलीचा तरी विचार करा. तो म्हणाला की तिला विचारूनच आलो आहे, तिलाही नको. मग नवरा-बायकोच्या भांडणात शिरावे तशा घाईने वकीलबाई मध्ये पडल्या, की आजोबा, नीट विचार करा, घर चांगल्या वस्तीत आहे. त्याने त्यांना विचारले, या कागदावर साक्षीदार लागतात ना? त्या म्हणाल्या, दोन लागतात. एक डॉक्टर आहेत, दुसरा बघतो आहोत. पण ज्याला मिळकतीतले काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याला दिलेले रद्द होते.

"तेच म्हणतोय," फाटकवाला म्हणाला. "मला काही देऊ नका. मला साक्ष घालू द्या. तेव्हा माझी साक्ष कोणी धरली नाही."

भाची खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी सातव्या कलमावर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली. वकीलबाईंनी कागद धरला.

नऊ. सातवे कलम रद्द. घर, खोल्या आणि शिल्लक भाचीला. तिने तिथे राहावे, विकावे, तिची मर्जी. उलटा छापलेला एकही फोटो तिने कुठेही ठेवू नये. फाटकवाल्याच्या निगेटिव्हबद्दल इथे काही लिहीत नाही, कारण ती मी देण्यासारखी वस्तूच नव्हती. ती त्याच्याकडे आहे.

त्याने मला माफ केले का, हे मी विचारलेले नाही. कोणी त्याला विचारूही नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना खाली सही केली.

ठिकाण: स्टुडिओवरची पुढची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी, बुधवार

(सही)
मृत्युपत्र करणारा, फोटोग्राफर

साक्षीदार पहिला: (सही)
डॉक्टर. मृत्युपत्र करणारा शुद्धीवर असल्याची खात्री केली. खोकला नाही.

साक्षीदार दुसरा: (सही)
रेल्वेचा फाटकवाला. सही होताना मी समोर होतो. जागेवरून हललो नाही.